ढोलापासून किती लांब?

पुण्यात घाबरट कुत्रं पाळलं की सल्ल्यांना तोटा नसतो. लिफ्टमध्ये, टेकडीवर, डेअरीसमोरच्या रांगेत, कुणी ना कुणी जाणकार भेटतोच. "लहानपणी कुणीतरी मारलं असणार." "एकटी आहे ना, जोडीला दुसरं आणा." "पोरासारखे लाड करता, मग काय होणार!" पण सगळ्यांत जास्त वेळा आणि सगळ्यांत मायेने मिळणारा सल्ला म्हणजे "होईल हो सवय". पावसाळा लागतो, नदीपात्रात ढोल पथकांचा सराव सुरू होतो, आमची खारी पलंगाखाली जाते आणि शेजारच्या काकू दारातूनच सांगतात, "होईल सवय. आम्हांला नाही का झाली?"

काकूंना झाली की नाही हा वेगळा विषय. संध्याकाळी सातला त्यांच्या घरातल्या सगळ्या काचा लागतात, एवढं मला दिसतं.

सवय होते हे खोटं नाही. आमच्या कुकरच्या शिट्टीची खारीला झाली, बेलची झाली, पहाटे पाणी यायच्या आधी नळ खाकरतो त्याचीही झाली. आवाज बेताचा असेल, रोजचा असेल आणि त्याच्या पाठोपाठ वाईट काही घडत नसेल, तर मेंदू हळूहळू त्याच्याकडे काणाडोळा करायला शिकतो. आवाज मोठा, अवचित आणि पळून जायला वाव न देणारा असेल तर मात्र उलटंच होतं. दर खेपेला भीती थोडी वाढते, आणि पसरते. आधी फटाक्याची असते. मग दार आपटल्याची वाटू लागते, मग धुराच्या वासाची, मग नुसतं अंधारून आलं तरी. बऱ्याच कुत्र्यांची आवाजाची भीती वयाबरोबर कमी न होता वाढत जाते, ती यामुळेच. आठ-दहा दिवाळ्या काढलेलं कुत्रं दरवर्षी आणखी लवकर न्हाणीघरात जाऊन बसतं, आणि घरातले म्हणत राहतात, अजून कशी सवय होत नाही.

खारी गावठी. रंग खारी बिस्किटाचा म्हणून हे नाव. माझ्या मुलाने ठेवलं, आणि ठेवताना त्याला भूक लागली होती. आंबेगावच्या पुढे एका बांधकामाच्या साईटवर ती जन्मली आणि चांगली सात-आठ महिन्यांची होऊन आमच्याकडे आली. "मारलं असणार" हा तर्क लोक तिच्याबाबतीत लगेच लढवतात. पण तिला आणून देणाऱ्या मुलीने सांगितलं, की साईटवरच्या बायका तिला रोज वरणभात घालायच्या, त्यांची पोरं तिला उशाला घेऊन झोपायची. मिक्सर, ड्रिल, डंपर, सळया उतरवतानाचा खणखणाट, यांतल्या कशालाही खारी आजही साधा कान हलवत नाही. ती घाबरली ती छताच्या पंख्याला. कपाटाच्या आरशाला. लिफ्टच्या आपोआप सरकणाऱ्या दाराला, गुळगुळीत फरशीला, उघडणाऱ्या छत्रीला. आणि ढोलाला.

तिला कुणी काही केलेलं नव्हतं. तिने या गोष्टी वेळेवर बघितलेल्या नव्हत्या, इतकंच. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की तिथपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत त्याला जे दिसतं, ऐकू येतं, हुंगायला मिळतं, ते सगळं जगाचा भाग म्हणून खपून जातं. नंतर समोर येणाऱ्या नवख्या गोष्टीकडे मात्र आधी संशयाने बघितलं जातं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला. तिथल्या, १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लं उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत, माणसाची सावली पडणार नाही अशी वाढवली होती. त्यांतल्या काहींना मधल्या आठवड्यांत थोडा काळ माणसांत आणलं, ती माणसाळली. चौदा आठवडे माणूस न बघितलेली मात्र जवळजवळ रानटीच राहिली. थोडा वाटा आनुवंशिकतेचाही असतो, भित्र्या आईची पिल्लं भित्री निघण्याची शक्यता जास्त. तिथे आपला इलाज नसतो.

"कुणी मारलं असेल" यात गुंतलं की माणूस हळहळत बसतो आणि काम तिथेच राहतं. "हिने पाहिलेलंच नाही" असं म्हटलं की निदान पुढची पायरी दिसते. आता दाखवायचं. फक्त कसं, आणि किती लांबून.

त्याआधी भीती ओळखता यायला हवी. थरथरणं, शेपूट पायांत घालणं, पलंगाखाली शिरणं हे कुणालाही दिसतं. पण तिथवर गोष्ट आली म्हणजे उशीर झालेला असतो. तोपर्यंत कुत्रं बरंच काही सांगून चुकलेलं असतं. लिफ्टसमोर उभ्या राहिलेल्या खारीकडे बघताना हे मला उमगत गेलं. सगळ्यांत आधी तोंड मिटतं. मघापर्यंत जीभ बाहेर लोंबत होती, आता ओठ घट्ट. मग जिभेचं टोक नाकावरून एकदा झरकन फिरतं, खायला काही नसताना. मग जांभई, झोप आलेली नसताना. मग मान भिंतीकडे वळते, पण नजर लिफ्टवरच अडकलेली, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. पुढचा एक पाय किंचित उचलला जातो. अंगाचा भार मागच्या पायांवर जातो. हे सारं काही क्षणांत. तेवढ्यात दार सरकतं, आतून हेल्मेट घातलेला डिलिव्हरीचा मुलगा बाहेर येतो, खारी मागे उसळते आणि लोक म्हणतात, "अचानक काय झालं हिला?"

याच्या उलट फसगत दवाखान्यात होते. टेबलावर ठेवलं की काही कुत्री दगड होतात. सुई टोचा, कान उघडा, हूं की चूं नाही. "किती शहाणी आहे!" शहाणी कसली, पाचावर धारण बसलेली असते तिची. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. वाचताना अंगावर काटा येतो, पण ते माहीत असलेलं बरं. ज्या कुत्र्यांना आधी विजेचे असे झटके दिले होते, की काहीही केलं तरी ते चुकवता येऊ नयेत, त्यांना नंतर साधा बुटका अडसर ओलांडून सुटता येईल अशा जागी ठेवलं. त्यांतली बरीचशी ओलांडायला गेलीच नाहीत. पडून राहिली, झटके खात. बाहेरून बघणाऱ्याला ती शांतच दिसली असती.

आमच्याकडे ओळखीतून एक प्रशिक्षक आले होते. "पंधरा दिवसांत सरळ करतो," म्हणाले. पिशवीतून चोक चेन निघाली, ओढली की गळा आवळणारी साखळी. उपाय असा, की खारीला सरळ पथकाजवळ नेऊन बसवायचं, उठली की झटका, बसून राहिली की संपली भीती. "मालक कोण ते एकदा कळलं पाहिजे तिला." माझे सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, ते कुणाशी वाद घालत नाहीत. बाबांनी त्या गृहस्थांना चहा दिला, साखळीची नीट गुंडाळी केली आणि त्यांच्याच पिशवीत परत ठेवून दिली.

हे "मालक कोण" प्रकरण जुनं आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण छापलं. बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेले लांडगे, त्यामुळे मारामाऱ्या आणि वरचढपणा भरपूर. त्यावरून कळपाचा दादा, त्याची हुकमत ही कल्पना पसरली. ती लोकांपर्यंत पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या डेव्हिड मीच यांनीच पुढे आर्क्टिकमध्ये मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. दादागिरी नाही, संसार आहे तो. आपल्याकडे पहिली बातमी पोचली, दुसरी अजून वाटेत आहे. आणि समजा मालकीचा प्रश्न खरा मानला, तरी छताच्या पंख्याकडे बघून लघवी सुटणाऱ्या कुत्रीला तो पडलेला असतो, असं मला तरी वाटत नाही.

मग खरा उपाय काय, तर तो शंभर वर्षांपूर्वीच सापडलेला आहे, आणि कुत्र्यावर नव्हे, एका लहान मुलावर. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. पांढऱ्या उंदराला, फरच्या कोटाला, पिसांना, कापसालाही. न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने त्याच्यावर काम केलं आणि १९२४ साली ते छापलं. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा. इतक्या लांब, की त्याचं खाणं थांबू नये. मग रोज थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊन बसू लागला. पण मला त्या हकिगतीतली मधली अडचण जास्त आठवते. उपचार चालू असताना पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला, तो दोनेक महिने इस्पितळात होता, आणि परत निघताना टॅक्सीत बसता बसता एक मोठं कुत्रं त्याच्यावर आणि नर्सवर झेपावलं. झालं, भीती पुन्हा पहिल्या जागी. खाऊचा उपाय खऱ्या अर्थाने सुरू झाला तो त्यानंतरच. जोन्सबाईंनी बजावूनही ठेवलं आहे, की हे नाजूक काम आहे. ससा घाईने जवळ आणलात तर त्याची भीती जाणार नाही, उलट खाऊचीच भीती बसेल.

योगायोग असा, की त्याच १९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला नेव्हा नदीला महापूर आला आणि रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हची, ठरावीक खुणेला लाळ गाळायला शिकवलेली कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचली. नोकरांनी त्यांना पाण्यातून ओढत, पोहत बाहेर काढलं. त्यांतल्या काहींचं शिकलेलं सगळं विस्कटलं. मोठ्या खटपटीने ती सावरली. नंतर पावलॉव्हने खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली आणि एवढ्या धारेने एक कुत्रं पुन्हा ढासळलं. भीती पुसली जात नाही. तिच्यावर दुसरं काहीतरी लिहिलं जातं, आणि खालचं अक्षर तसंच राहतं. चांगलं चाललेलं असताना खारी एखाद्या संध्याकाळी पुन्हा पलंगाखाली गेली की घरातले हिरमुसतात. मला तेव्हा टॅक्सीजवळचा पीटर आठवतो.

आमच्याकडे अखेर ज्या वर्तनतज्ज्ञ आल्या त्यांनी पहिल्या भेटीत खारीकडे बघितलंसुद्धा नाही. जमिनीवर, तिरक्या बसल्या, चहा प्यायल्या आणि बाबांना प्रश्न विचारत राहिल्या. झोपते किती? शी कशी होते? जिना उतरताना अडखळते का? कारण अंगात कुठे दुखत असेल तर आवाजाची भीती जास्त वाटते. आवाजाने दचकून अंग आवळलं की दुखतं, आणि मग आवाजच दुखण्याचं कारण वाटू लागतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी. मग म्हणाल्या, "आता काही दिवस तिला काहीही शिकवू नका." नुसता आराम. बाहेर न्यायचं ते पहाटे, रिकाम्या गल्लीत. हे घरात कुणाला पटेना. पण कुत्र्याची सहनशक्ती महिनाअखेरच्या पाकिटासारखी असते. सकाळी सिलेंडरवाल्याने जिन्यात टाकी आपटली, दुपारी लिफ्ट झाली, चारला पाहुण्यांचं पोर अंगावर आलं, की संध्याकाळी साध्या रिक्षाच्या हॉर्नला द्यायला शिल्लक काही उरत नाही. आपल्याला दिसतो तो फक्त हॉर्न.

त्यानंतर काम सुरू झालं. आमची गल्ली सरळ नदीकडे जाते आणि पलीकडे, राजाराम पुलाच्या अंगाला पथकं वाजवतात. त्या रस्त्यावरचे विजेचे खांब ही आमची फूटपट्टी झाली. कुठल्या खांबापाशी खारी खाऊ शकते? नुसती उभी राहू शकते हे पुरत नाही. खाऊ शकते का. तेही कसं खाते ते बघायचं. ओठांनी अलगद उचलून घेतलं तर ठीक. दात लागले, बोट ओरबाडलं गेलं, तर आपण जास्त जवळ आलो. आणि सुकट नाकाशी धरूनही मान फिरवली, तर निघायचं, काही न बोलता, आल्या वाटेने. सुकटीला नाही म्हणणारी खारी म्हणजे घरात आग लागल्यावर पेपर न वाचणारे बाबा. मनात जागाच नसते.

खाऊ बक्षीस म्हणून द्यायचा नाही, ही गोष्ट गळी उतरायला सगळ्यांत अवघड. आपल्याला सवय "बस म्हटलं, बसली, मग बिस्कीट" याची. इथे खारीने काहीही करायचं नसतं. ढोलाची थाप आली की चिकनचा तुकडा, थाप थांबली की चिकन बंद. ती बसो, उभी राहो, पाठ फिरवो. आणि क्रम कधी चुकवायचा नाही: आधी आवाज, मग खाऊ. उलट झालं, पिशवीत हात गेला आणि मागून ढोल वाजला, तर चिकनची पिशवी हीच धोक्याची घंटा होऊन बसते. आपल्याला हवंय ते हे, की थाप ऐकू आल्यावर खारीने वळून आपल्या हाताकडे बघावं. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा तसं बघितलं, तेव्हा तिकडे ताशाची तर्री चालली होती. कान मागे, शेपूट खालीच, पण मान माझ्याकडे. बाबा हळूच म्हणाले, "हिशोब कळला हिला."

घरी सरावासाठी मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग लावून बघा, असं बरेच जण सांगतात. लावलं. खारी मजेत घोरत होती. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरातून ताशा बाहेर येतो, ढोलाचा खर्ज येतच नाही. आणि खऱ्या ढोलाचं निम्मं काम तो खर्जच करतो, कानापेक्षा छातीत आणि फरशीत. मुलाने मोठा स्पीकर आणला, आवाज अगदी बारीक ठेवून सुरुवात केली, तेव्हा कुठे तिचा एक कान उठला. कुत्र्याला आपल्यापेक्षा बरंच वरच्या पट्टीतलं ऐकू येतं, आपल्या २०,००० हर्ट्झपुढे पार ४५,००० च्या आसपासपर्यंत, त्यामुळे चार्जरची किणकिण आपल्याला नसते तरी तिला असते. पण ढोलाच्या बाबतीत गोष्ट खालच्या टोकाची होती.

"घाबरली की जवळ घेऊ नका, भीती वाढेल" हाही सल्ला भरपूर मिळतो. भीती ही काही युक्ती नाही, की लाड मिळाले म्हणून ती पुन्हा करून दाखवावी. खारी अंगाला चिकटली तर मी हात ठेवते. पलंगाखाली गेली तर मात्र ओढून काढत नाही. ती तिने शोधलेली जागा आहे.

मागे धावायचं तर मुळीच नाही. नामदेवांची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो: कुत्रं पोळी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे पळतात, देवा, कोरडी खाऊ नका म्हणत. गोष्ट भक्तीची आहे, माझी तक्रार नाही. पण खारी आल्यापासून ती मला कुत्र्याच्या बाजूने ऐकू येते. एक माणूस, हातात काहीतरी, मोठ्याने बोलत, सरळ अंगावर येतोय. तूप असलं म्हणून काय झालं! विठोबा होता म्हणून थांबला.

लिफ्टचं काम पूर्णपणे बाबांचं. दुपारी दोननंतर, जेव्हा आमच्या सोसायटीत कुणी जिवंत आहे की नाही अशी शंका यावी, तेव्हा ते तळमजल्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे, शेजारी वॉचमनकाका. बाबांच्या ज्या स्टीलच्या डबीत पूर्वी सुपारी असायची तीत आता सुकट. वॉचमनकाका दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरायचे, बाबा पेपर वाचायचे, खारीचा पट्टा सैल जमिनीवर. तिला कुणी बोलवायचं नाही. ती उंबऱ्यापर्यंत गेली की डबी वाजायची. पुढचा एक पाय आत पडला की पुन्हा. परत बाहेर आली तरी काही हरकत नाही. किंबहुना बाहेर येता येतं हेच तिला शिकायचं होतं. पाय आत टाकणं तिच्या हातात, काढणं तिच्या हातात. ज्यातून केव्हाही निघता येतं त्या जागेत शिरायला जनावर धजतं. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "लिफ्ट माणसांसाठी आहे की कुत्र्यासाठी?" बाबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

एवढं सगळं करूनही काही कुत्र्यांना औषध लागतं, खारीला लागलं. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन लिहून दिलं, तेव्हा घरात दोन दिवस कुजबुज होती. कुत्र्याला मनाची गोळी? अमेरिकेत २००७ पासून कुत्र्यांसाठी, एकटं राहण्याच्या भीतीवर, हे औषध मान्यताप्राप्त आहे. पण ते फटाका वाजल्यावर द्यायचं औषध नाही. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि औषध काहीही शिकवत नाही. फक्त भीतीची पट्टी जरा खाली आणतं, म्हणजे शिकवलेलं आत जातं. दिवाळीसाठी वेगळी, प्रसंगापुरती औषधं असतात, ती डॉक्टरांनीच द्यायची. पूर्वी सर्रास दिलं जाणारं एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकट्याने नको, असं आता जाणकार डॉक्टर सांगतात: त्याने अंग लुळं पडतं, पण भीती जागीच राहते. कुत्रं निपचित, घरातले निश्चिंत. दवाखान्यातल्या त्या शहाण्या कुत्रीचीच ही दुसरी आवृत्ती.

फटाक्यांच्या वेळेबद्दल काय बोलावं? रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके नकोत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितलं. २०१८ साली दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा एवढीच मुभा दिली. आमच्या गल्लीत हे निकाल ऐकू येण्याइतकी शांतता त्या दिवसांत नसते. तेव्हा आपली सोय आपण करायची. दिवस असतानाच लांब फिरवून आणायचं, उजेड आहे तोवर पोटभर जेवण, आतल्या खोलीचे पडदे ओढून कूलर सुरू, पाण्याचं भांडं तिथेच, गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला आणि बाहेरच्या दाराला आतून कडी. दिवाळीत पळून जाऊन हरवलेल्या कुत्र्यांची पत्रकं पाडव्यापर्यंत खांबाखांबावर लागलेली असतात. त्यांतली कितीतरी उघड्या राहिलेल्या दारातून गेलेली असतात. आणि त्या दिवसांत शिकवायचं काही नाही, फक्त निभावायचं.

आज खारी लिफ्टने जाते, पण बाबा बरोबर असतील तर. माझ्याबरोबर ती जिना पसंत करते. हेल्मेटची काच वर असेल तर माणूस चालतो. पंखा तिने माफ केला, आरसा नाही. पुलाच्या अलीकडे काही खांबांपर्यंत ती येते, ताशा ऐकते, खाते, उकिरडा हुंगते. त्यापुढे आम्ही नेत नाही. तिने पथकासमोर शेपूट हलवत उभं राहावं, असं कुणाच्या मनात एकेकाळी असेलही. पण गल्लीत निवांत फिरून यायला त्याची गरज नाही, आणि ज्यांना ढोल आवडतो त्यांच्यासाठी पुण्यात तो भरपूर आहे. विसर्जनाला आम्ही गावी जातो. लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे चालते, तेवढ्यात भोरला जाऊन, झोपून, परतही येता येतं.

छत्रीला अजून हात लावलेला नाही. ते काम पावसाळ्यात होत नाही. रस्त्यावर ज्याला त्याला फट्कन छत्री उघडायची घाई असताना घरात इंचाइंचाने उघडून दाखवण्यात अर्थ नसतो. बाबांनी डिसेंबर ठरवला आहे. बटण दाबून उघडणारी मुळीच चालायची नाही, लांब दांड्याचीच हवी, यावर ते ठाम आहेत. मुलाचं म्हणणं, नवी कशाला आणायची, आजोबांची एसटीतली काळी छत्री आहेच. ती अर्ध्यात अडकते आणि पुढे उघडायला दोघं लागतात. खारीच्या दृष्टीने याहून चांगली छत्री मिळणार नाही.